फिके शब्द

शैलजा इंगवलेंचा आवाज जाऊन पाच वर्षं झाली होती. पण सांगलीतल्या त्यांच्या घरी येणाऱ्या कुणालाही त्या गप्प आहेत असं वाटलं नसतं. चाकाच्या खुर्चीला जोडलेल्या लॅपटॉपमधून त्या बोलायच्या, आणि चांगल्या तोंड भरून बोलायच्या. व्यायाम करून घ्यायला येणाऱ्या माणसानं पाय जरा जोरात दुमडला की लॅपटॉप म्हणायचा, "गुडघा आहे तो, हापसा नव्हे." धाकटी बहीण उज्ज्वला चमच्यानं आमटी भरवायला लागली की म्हणायचा, "उजे, आमटी केलीस का भांडी विसळलीस?"

लॅपटॉपचा आवाज एसटी स्टँडवरच्या घोषणेसारखा होता, सपाट आणि जरासा नाकातला. शब्द मात्र पुरते शैलजाताईंचे. कॉलेजात त्यांनी आयुष्यभर गणित शिकवलं. लग्न केलं नाही. उत्तर बरोबर पण रीत चुकीची असेल तर पूर्ण शून्य देणारी बाई म्हणून त्यांची ख्याती होती.

उज्ज्वला त्यांच्या अगदी उलट. तिनं बालवाडीत मुलांना गाणी शिकवली, आणि समोरच्याचा चेहरा उतरला की आपलंच काही चुकलं असं धरून चालण्यात हयात घालवली. नवरा गेल्यावर ती ताईकडे चार दिवस म्हणून आली आणि राहिली. पुढं ताईचा आजार सुरू झाला. स्नायूंना हुकूम पोचवणाऱ्या मज्जापेशी एकेक करून मरतात, बुद्धीला मात्र धक्का लागत नाही, असा तो आजार. आधी हात गेले, मग पाय, मग जीभ. नजरेनं अक्षरं टिपून बोलायचं यंत्र ताईंनी थोडे दिवस वापरलं. "वाक्य जुळेपर्यंत भांडण संपून जातं," असं म्हणून त्यांनी ते परत केलं. मग हा लॅपटॉप आला.

त्याचं काम असं चालायचं. माणूस बोलायला जातो तेव्हा मेंदूकडून जबड्याच्या आणि गळ्याच्या स्नायूंकडे विजेचे बारीक संदेश जातात. स्नायू हलले नाहीत तरी थोडी कुजबुज तिथवर पोचतेच. ताईंच्या हनुवटीखाली आणि गळ्यावर चिकटवलेल्या पारदर्शक पट्ट्या ती कुजबुज टिपायच्या. तिच्यातून शब्द ओळखायचे लॅपटॉपमधल्या एका खास चिपनं. साध्या संगणकात शिकलेली गोष्ट आकड्यांच्या रूपात साठवलेली असते. एका यंत्रातून उचलून दुसऱ्यात ठेवता येते. या चिपमध्ये आकडे नव्हतेच. तिच्यात अतिसूक्ष्म सांधे होते आणि वीज जाईल तसा प्रत्येक सांध्याचा विरोध थोडासा बदलायचा, बदललेलाच राहायचा. माळावरून रोज एकाच बाजूनं चालत गेलं की गवतात वाट पडते, तशी त्या चिपमध्ये ताईंच्या बोलण्याची वाट पडली होती. चुकीचा शब्द आला की ताई डोळे गच्च मिटायच्या. कॅमेऱ्यात ती खूण दिसली की चिप आपली वाट जराशी सरकवायची. पाच वर्षं अशी सरकवत सरकवत ती ताईंच्या खवचटपणापर्यंत पोचली होती.

खोट एकच होती. अशा वाटेची नक्कल काढता येत नाही. प्रत्येक चिपचे सांधे जन्मतःच थोडे वेगळे, आणि वाट त्या वेगळेपणाचा आधार घेऊनच पडलेली. ती दुसऱ्या चिपमध्ये नेली तर तिला काही अर्थ उरत नाही.

*

लॅपटॉप तापायला लागला होता. त्यातच त्याच्या जुन्या प्रणालीचं अद्ययावतीकरण बंद होत असल्याची सूचना पडद्यावर येऊ लागली. लॅपटॉपला जोडलेली दवाखान्याची श्वास मोजणारी यंत्रणा आता जुन्या प्रणालीशी बोलणार नव्हती. नवीन यंत्र घेणं भाग होतं.

ते बसवायला शबाना मुलाणी आल्या. अशा आजाऱ्यांची यंत्रं जुळवून देण्याचं काम त्या बरीच वर्षं करत होत्या. नवा लॅपटॉप वहीसारखा पातळ होता आणि त्याच्या प्रणालीचं नाव होतं 'सहज'.

"याच्यात ती चिप नाही, मॅडम," शबाना ताईंच्या समोर स्टूल ओढून बसत म्हणाल्या. त्या आजाऱ्याशीच बोलायच्या, सोबतच्या माणसाशी नाही. "कोट्यवधी लोकांच्या बोलण्यावरून एक मोठा नमुना बनवलाय. तुमचा सिग्नल चांगला आला तर हा तुमचंच ऐकतो. सिग्नल पुसट झाला, की अशा वेळी बहुतेक माणसं काय बोलतील ते बघतो आणि मधली जागा भरतो. फोनवर दोन अक्षरं टाकली की पुढचा शब्द येतो ना, तसंच. फक्त हा लई पुढचा आहे."

"बहुतेक माणसं मूर्ख असतात," जुना लॅपटॉप म्हणाला.

शबाना मोठ्यानं हसल्या. "म्हणूनच सांगते, दोन्ही शेजारी शेजारी चालू ठेवा. जुन्यानं ओळखलेलं नव्याला दाखवत राहायचं. दिवाळीपर्यंत तो तुमच्या वळणावर येईल. कटकट आहे, प्रत्येक गोष्ट दोनदा बोलावी लागेल. पण जुना टाकायची घाई करू नका."

"ऐकलंस ना, उजे?"

"ऐकलं गं," उज्ज्वला म्हणाली.

पुढच्या रविवारी ताईंचे दोन जुने विद्यार्थी भेटायला आले. गप्पा रंगल्या. चहाचे कप उचलता उचलता त्यांतला एक म्हणाला, "उज्ज्वलामावशी किती करतात हो तुमचं!"

"तिला दुसरं आहे काय करायला?" लॅपटॉप म्हणाला. "मी आजारी पडले नसते तर कुणाच्या तरी दारात उभी राहून विचारत बसली असती, काही काम आहे का म्हणून."

कुणी हसलं नाही. उज्ज्वला कप घेऊन आत गेली. पाहुणे निघून गेल्यावर बाहेरून तो सपाट आवाज आला.

"उजे. इकडं ये जरा."

उज्ज्वलानं चटणीसाठी मिक्सर लावला.

"उजे, ऐक."

चटणी कधीच वाटून झाली होती. मिक्सर फिरत राहिला.

दुसऱ्या दिवशी ती जुना लॅपटॉप पिशवीत घालून बाजारात गेली आणि जुनी यंत्रं मोडीत घेणाऱ्या केंद्रावर देऊन आली. काउंटरवरच्या मुलीनं विचारलं, आतलं सगळं पुसायचं का? उज्ज्वला हो म्हणाली. घरी येऊन तिनं ताईला सांगितलं, "कंपनीनं जुना परत मागितला गं. तसा नियमच आहे म्हणे."

ताई तिच्याकडे बघत राहिली. गळ्यावरच्या पट्टीखाली काहीतरी थरथरलं.

"ठीक आहे," नवा लॅपटॉप म्हणाला. "तुला योग्य वाटेल तसं कर."

*

नव्या लॅपटॉपनं ताईचा खरा आवाज परत आणला. कॉलेजच्या एका व्याख्यानाचं जुनं ध्वनिमुद्रण होतं, त्यावरून त्यानं तो बांधला. मधल्या वर्षांत विसरलेला तो भरदार, किंचित खरखरीत आवाज घरात घुमला तेव्हा उज्ज्वला भिंतीला टेकून रडली. ताईच्याही डोळ्यांत पाणी आलं. उज्ज्वलानं ते आनंदाचं धरलं.

आणि ताई बोलायला लागली तीही कशी! व्यायामवाल्याला म्हणाली, "आज बरं वाटलं, धन्यवाद." शेजारच्या काकूंना म्हणाली, "येत जा हो, तुम्ही आलात की छान वाटतं." त्या काकू जिन्यात उज्ज्वलाला म्हणाल्या, "आजारानं माणूस मऊ होतं बघा."

दुपारी कामं आवरली की उज्ज्वला खुर्चीशेजारी सतरंजीवर बसायची. आजवर ताईला कधी सांगितलं नव्हतं ते सांगायची. मूल झालं नाही म्हणून सासरी काय काय ऐकावं लागलं. नवरा गेल्यावर त्याच्या भावांनी घरातली भांडीसुद्धा कशी मोजून घेतली. पूर्वी असलं काही बोलायला गेलं की ताई म्हणायची, 'मग तू का ऐकून घेतलंस?' आता ती म्हणायची, "किती सोसलंस गं तू."

एकदा म्हणाली, "तू किती करतेस माझ्यासाठी. तू नसतीस तर मी काय केलं असतं?"

उज्ज्वलानं ताईचा निर्जीव हात गालाला लावला. साठीला आलेल्या त्या बाईला आयुष्यात पहिल्यांदा मोठी बहीण मिळाली होती.

ताई अधूनमधून डोळे गच्च मिटायची. थकत असेल, असं उज्ज्वला म्हणायची आणि खिडकीचा पडदा ओढून घ्यायची.

एके दिवशी घरात दुसरं मऊ काही नव्हतं म्हणून तिनं नाचणीची आंबील केली. ताईला आंबील लहानपणापासून बघवत नसे. आईनं एकदा जबरदस्तीनं पाजली तर तिनं वाटी परसात भिरकावली होती. पहिला चमचा तोंडात गेला.

"छान झाली आहे," ताईचा आवाज म्हणाला.

आंबील ओठाच्या कोपऱ्यातून खाली ओघळली. ताईनं डोळे गच्च मिटले होते. पापण्यांच्या कडांना सुरकुत्या पडतील इतके गच्च. उज्ज्वलाच्या हातातला चमचा तसाच राहिला. ही थकव्याची खूण नव्हती. पाच वर्षं ताई याच खुणेनं सांगत आली होती, चूक, चूक, मी हे म्हटलेलं नाही. जुन्या यंत्राला ती खूण कळायची. नव्याला ती कुणी शिकवलीच नव्हती. आणि उज्ज्वलाला कळत होती. तरी इतके दिवस ती पडदे ओढत राहिली होती.

*

उज्ज्वलानं बोलावलं तशा शबाना आल्या. ताई झोपली होती. त्यांनी लॅपटॉप आतल्या खोलीत आणला आणि एक वेगळाच पडदा उघडला. त्यावर गेल्या काही दिवसांत ताई जे जे बोलली ते लिहिलेलं होतं. काही अक्षरं गडद, काही फिकी.

"गडद ते त्यांच्या सिग्नलवरून आलेलं," शबाना म्हणाल्या. "फिकं ते यानं भरलेलं."

पडदाभर फिकी अक्षरं होती. उज्ज्वला वाकून वाचू लागली. 'तू किती करतेस माझ्यासाठी' या ओळीत फक्त 'तू' गडद होता. 'किती सोसलंस गं तू' ही अख्खी ओळ फिकी. मधूनच एखादं अक्षर कागदात टाचणी रुतावी तसं काळं.

"म्हणजे ती काय म्हणत होती?"

"ते आता कळायचं नाही. त्यांच्या स्नायूंची ताकद उतरलीय. सिग्नल जितका कमी, तितकं हा जास्त भरतो. मध्ये सांधा दिसत नाही, हीच याची हुशारी." शबानांनी चष्मा काढून पुसला. "भरणं बंद करता येतं. मग बोलणं तुटक येईल. दोन-चार अक्षरं, तीही वेळ लागून. रोज बसून शिकवायला लागेल. जुनी चिप असती तर सोपं झालं असतं. तिला हा पुसट आवाजही ओळखीचा होता. कुठाय तो जुना?"

"दिला," उज्ज्वला म्हणाली.

शबानांनी चष्मा डोळ्यांवर चढवला. त्यांनी विचारलं, "मग करू बंद?"

बाहेरून, झोपेतून जागं होताना यायचा तसा ताईच्या श्वासाचा आवाज आला. उज्ज्वलाच्या मनात त्या दुपारी आल्या, ती सतरंजी आली. भरणं बंद केलं की घरात पुन्हा शांतता येणार होती; आणि शांततेतून कधीमधी जे शब्द येतील ते कसे असतील याची तिला धास्ती होती. जुना लॅपटॉप कुठं गेला, हाच त्यांतला पहिला प्रश्न असेल.

"राहू दे सध्या," ती म्हणाली. "बघू नंतर."

"त्यांना विचारायचं का?"

"मी विचारते."

तिनं विचारलं नाही.

*

थंडीत ताईच्या छातीत कफ दाटला आणि तिला दवाखान्यात न्यावं लागलं. डॉक्टर वाडकर तरुण होते, सभ्य होते. त्यांनी पलंगाजवळ बसून ताईला नीट समजावलं. छातीचे स्नायू आता श्वास ओढायला पुरत नाहीत. गळ्याला छेद देऊन नळी बसवायची आणि ती यंत्राला जोडायची, म्हणजे काही वर्षं मिळतील. पण यंत्र मग कायमचं. नको असेल तर औषधांनी त्रास कमी ठेवता येईल. पण फार दिवस उरणार नाहीत. "निर्णय तुमचा आहे, मॅडम. तुमच्या तोंडून ऐकल्याशिवाय मी पुढं जाणार नाही."

या नळीबद्दल ताईला पूर्वीच बोलायचं होतं. जुन्या लॅपटॉपवरून तिनं दोन-तीनदा विषय काढला होता, "उजे, पुढचं ठरवून ठेवू." दर वेळी उज्ज्वलाला गॅसवर काहीतरी ठेवल्याचं आठवायचं.

ताईनं डॉक्टरांकडे पाहिलं. गळ्यावरची पट्टी हलली की न हलली.

"हो डॉक्टर," भरदार आवाज म्हणाला. "तुम्हाला योग्य वाटेल ते करा. माझा तुमच्यावर विश्वास आहे."

डॉक्टरांनी पुन्हा विचारलं. पुन्हा तेच उत्तर, थोड्या वेगळ्या शब्दांत.

ताईचे डोळे उज्ज्वलाकडे वळले आणि गच्च मिटले. उघडले, पुन्हा मिटले.

उज्ज्वलाच्या जिभेवर वाक्य आलं होतं. 'डॉक्टर, हे तिचं बोलणं नाही. डोळ्यांनी विचारा.' एवढंच म्हणायचं होतं. पण मग ताई डोळ्यांनी नको म्हणेल; मग घरी ती रिकामी खुर्ची. आपल्याला कोण आहे? तिनं पदराचं टोक मुठीत धरलं.

"थकली आहे ती," ती म्हणाली.

डॉक्टरांनी मान डोलावली आणि नर्सला तयारी करायला सांगितलं.

*

ताई घरी आली ती श्वासाच्या यंत्रासह. गळ्यात नळी असल्यामुळं तिथली पट्टी काढावी लागली होती. हनुवटीखालची तेवढी उरली. तिच्याकडून आता जवळजवळ काहीच येत नव्हतं. तरी नवा लॅपटॉप बोलायचा. सकाळी पडदा सरकवला की म्हणायचा, "आज हवा छान आहे." संध्याकाळी म्हणायचा, "मी बरी आहे, तू काळजी करू नकोस." ताई तेव्हा छताकडे बघत असायची.

एका सकाळी तो म्हणाला, "तू किती करतेस माझ्यासाठी." उज्ज्वलानं तो बंद केला आणि कपाटात ठेवून दिला.

मग तिनं पुठ्ठ्यावर मुळाक्षरं लिहिली, बालवाडीत लिहायची तशी मोठी, ओळीओळीनं. पुठ्ठा ताईसमोर धरून ती म्हणाली, "मी एकेक ओळ म्हणते. हवी ती आली की एकदा डोळे मिट. नाही म्हणायचं असलं तर खिडकीकडं बघ."

ताईनं खिडकीकडं पाहिलं.

दुसऱ्या दिवशीही खिडकीकडंच. असे बरेच दिवस गेले. उज्ज्वला रोज न्हाऊमाखू घालून झालं की पुठ्ठा घेऊन बसायची आणि उठायची. अखेर एकदा ताईनं 'प'च्या ओळीवर डोळे मिटले. ओळ म्हणताना 'प' आला, मग काना आला.

"पाणी?" उज्ज्वला घाईनं म्हणाली. "पाय? पाय दुखतोय?"

ताईनं डोळे गच्च मिटले. त्या दिवशी पुन्हा उघडलेच नाहीत. उज्ज्वला पुठ्ठा मांडीवर घेऊन बसून राहिली. दोन अक्षरांवरून पुढचं भरायची सवय तिला यंत्रानं लावलेली नव्हती. ती तिची आधीपासूनचीच होती.

त्यानंतर तिनं मध्ये बोलायचं सोडलं. शब्द पुरा होईपर्यंत थांबायचं. 'पाटी वर धर.' 'उजेड.' 'गप्प बस.' एवढ्याला अख्खी सकाळ लागे. पण ते शब्द ताईचे होते.

मग एके दिवशी तिनं पुठ्ठा बाजूला ठेवला आणि ताईच्या समोर बसली.

"ताई, जुना लॅपटॉप कंपनीनं मागितला नव्हता. मीच देऊन आले. तू पाहुण्यांदेखत बोललीस त्याचा राग आला होता."

ताईनं एकदा डोळे मिटले. शांतपणे. तिला ते ठाऊक होतं.

"नळी नको होती ना तुला?"

डोळे मिटले.

"मला कळत होतं. दवाखान्यातच कळत होतं." उज्ज्वलानं नळीकडं बोट केलं. "आता काढायची का? मी डॉक्टरांशी बोलते. तू म्हणशील तसं. खरंच."

ताई बराच वेळ तिच्याकडं बघत राहिली. मग तिची नजर सावकाश खिडकीकडं गेली. नाही.

त्या 'नाही'नं उज्ज्वलाला सुटल्यासारखं वाटलं नाही. जगायचं आहे म्हणून नाही, की धाकट्या बहिणीनं एकदा केलेलं आता मोडवत नाही म्हणून नाही? विचारायला अक्षरं पुरणार नव्हती. जेव्हा विचारायचं होतं आणि उत्तर द्यायला वाट होती, तेव्हा तिनं ते विचारलं नव्हतं. श्वासाचं यंत्र एका लयीत हवा ढकलत होतं.

"ताई, माझं चुकलं गं," ती म्हणाली.

ताईची नजर पुठ्ठ्याकडं वळली. तिला काही सांगायचं होतं.

उज्ज्वलानं पुठ्ठा उचलला. ओळी म्हणायला सुरुवात केली. 'प'च्या ओळीवर डोळे मिटले. प, फ, ब, भ, म. 'म'वर मिटले. आता काना? मिटले.

मा.

पुढचं अक्षर उज्ज्वलाला कळलं होतं. ओठांवर येऊन थांबलं होतं. ते अक्षर 'प'च्याच ओळीत होतं, दुसरं. ती म्हणून टाकायचा अवकाश, ताईनं फक्त डोळे मिटले असते की झालं. तिनं दात ओठांवर दाबून धरले आणि पुन्हा पहिल्यापासून, एकही ओळ न गाळता, म्हणायला लागली.

'क'ची ओळ. काही नाही. 'च'ची ओळ. काही नाही. 'ट'ची. नाही.

'त'ची ओळ.

ताईनं डोळे मिटले.

उज्ज्वला थांबली. 'प'ची ओळ अजून पुढं होती. ताईनं डोळे उघडून तिच्याकडं पाहिलं, वाट बघत.

"त," उज्ज्वला म्हणाली. "थ. द. ध."

आणि मग, "न."

डोळे मिटले.

मान.

तिनं पुठ्ठा खाली ठेवला. उशी एका बाजूला घसरली होती आणि ताईची मान नळीवर ताण पडेल अशी वाकडी झाली होती; केव्हापासून, कोण जाणे. उज्ज्वलानं एक हात डोक्याखाली घातला, दुसऱ्यानं उशी सरकवली, मान अलगद सरळ केली आणि नळी नीट बसली ना ते पाहिलं.

"आता?" तिनं विचारलं.

ताईनं एकदा डोळे मिटले.

"आणखी काही?"

ताईनं खिडकीकडं पाहिलं.